पहिला फ्लाय रॉड: नऊ फूट, पाच नंबर, आणि उरलेले पैसे लाइनवर

फ्लाय म्हणजे गळावर पिसे-दोरे बांधून केलेली हलकी नकली माशी, आणि तिने मासे धरायचा तो फ्लाय रॉड. पहिला असा रॉड घ्यायला निघालेल्या माणसाला मापासाठी फार डोके खाजवावे लागत नाही. नऊ फूट लांब, पाच नंबरचा, चार तुकड्यांचा. हिमाचलातली तीर्थन असो, काश्मीरमधली लिडर असो की न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना गाडीने जवळ पडणारी रॅरिटन, ट्राउटसाठी या मापात अडत नाही. घोळ होतो तो पुढे. सगळे बजेट रॉडवर संपते, लाइन मिळेल ती स्वस्तातली लावली जाते, आणि मग फेक जमत नाही म्हणून रॉड माळ्यावर जातो. या परीक्षणात तीन रॉड आणि दोन तयार संच पाहू, पण लाइनसाठीही तेवढीच जागा ठेवली आहे. ती का, ते वाचताना कळेलच.

आधी रॉडवरच्या नंबराचे. साध्या गळाला शिशाची गोळी असते किंवा स्पिनिंगच्या रॉडला चमच्यासारखे जड धातूचे आमिष असते, तिथे ते वजन फेकले जाते आणि दोरी मागून जाते. फ्लायला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून इथे लाइनलाच वजन दिलेले असते, फेकली जाते ती लाइन, आणि फ्लाय तिच्या शेपटाला लागून जाते. रॉडवरचा आकडा हा या लाइनच्या वजनाचा. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात: चार नंबरला १२० ग्रेन, पाचला १४०, सहाला १६०, आठला २१०. ग्रॅममध्ये पाच नंबर म्हणजे नऊच्या जरा वर आणि आठ नंबर म्हणजे साडेतेरा. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, हातात वाटत नाही.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. लाइनचा नंबर तराजूवर मोजलेला असतो. रॉडचा नंबर हे मात्र बनवणाऱ्याचे मत असते. एका कंपनीचा पाच दुसऱ्या कंपनीच्या सहाइतका ताठ निघतो. गेल्या काही वर्षांत रॉड ताठ होत गेले, मग ते वाकावेत म्हणून लाइनवाल्यांनी लाइनी जड केल्या, आणि आज पाच नंबर लिहिलेली लाइन प्रत्यक्षात साडेपाच किंवा सहाच्या वजनाची असू शकते. सायंटिफिक अँग्लर्स या कंपनीची एमपीएक्स लाइन अर्ध्या नंबराने जड असते, रिओ कंपनीची ग्रँड पूर्ण एका नंबराने. यात फसवणूक नाही, खोक्यावर तसे लिहिलेले असते. वाचायचे मात्र आपण.

लांबी नऊ फूट का? रॉड लांब असला की पाठीमागची लाइन गवतावरून उंच राहते आणि पाण्यावर पडलेली लाइन उचलून प्रवाहाच्या वर ठेवता येते. नवशिक्याची मागची फेक हमखास खाली पडते, तेव्हा ही उंची फार कामाला येते. साडेसात फुटी, तीन नंबरचे रॉड दिसायला गोड असतात आणि झाडीने झाकलेल्या ओढ्यात मजाही देतात, पण वारा सुटला की त्यांचे काही चालत नाही. पहिला म्हणून ते घेऊ नयेत. चार तुकड्यांचा नऊ फुटी रॉड मोडून ठेवला की एकेक तुकडा साधारण ७० सेंटिमीटरचा होतो, नळी त्याहून थोडी मोठी. आपल्याकडच्या विमानांत हातसामानाची लांबी ५५ सेंटिमीटर धरतात, त्यामुळे ही नळी मोठ्या बॅगेतच टाकायची. बॅगेत आडवी मावत नसेल तर तिरकी बसते. सहा-सात तुकड्यांचे प्रवासी रॉडही मिळतात, पण पहिल्या रॉडला जितके सांधे कमी तितकी काळजी कमी. दोन तुकड्यांचा जुना रॉड कोणी फुकट दिला तर घ्यावा, विकत मात्र घेऊ नये. बसमधून तो नेणे म्हणजे प्रत्येक वळणावर जीव मुठीत.

वाक: इथेच निवड होते

कमी वाकणारा, फक्त टोकाकडून लवणारा रॉड जलद म्हणतात. मुठीपर्यंत वाक उतरतो तो संथ. मधला तो मध्यम. जाहिरातींत जलद रॉडचे कौतुक फार, कारण सराईत हातात तो ७०-८० फूट लाइन सोडतो. पण तीर्थनसारख्या दगडधोंड्यांच्या पाण्यात मासा २० ते ३५ फुटांवर असतो. तेवढी लाइन बाहेर असताना जलद रॉड वाकतच नाही. वाकला नाही की हाताला काही कळत नाही, आणि कळत नाही म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावला की हवेत उलगडणारे लाइनचे वेटोळे स्वतःवरच आपटते, लीडरला (लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक पारदर्शक दोराला) हवेतच गाठ बसते, आणि त्या गाठीने लीडरची ताकद निम्म्यावर येते. मासा तुटून गेला की दोष गाठीला दिला जातो. मूळ कारण असते ताठ रॉड आणि घाईचा हात.

दुकानात रॉड उचलून हवेत हलवून पाहणारे खूप असतात. त्यातून काहीही कळत नाही. रिकामा रॉड हलवला तर ताठ रॉड नेहमीच चपळ वाटतो. रीळ बसवून, ३० फूट लाइन बाहेर काढून, मोकळ्या जागेत फेकूनच रॉड कळतो. अमेरिकेत बऱ्याच फ्लाय दुकानांत हे करू देतात, मागायला लाजू नये. जो करू देत नाही त्याच्याकडून लीडर घ्यावा, रॉड दुसरीकडून.

रेडिंग्टन क्लासिक ट्राउट (नऊ फूट, पाच नंबर). तिघांत सर्वांत मऊ. वाक रॉडच्या मध्यापर्यंत सहज उतरतो, २० फूट लाइनवरही हाताला वजन लागते, आणि मागची फेक पूर्ण उलगडली की नाही हे मान न वळवता समजते. शिकायला याहून सोपा रॉड या किमतीत विरळा. पातळ टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाचा सर्वांत बारीक दोर, वापरताना मासा झटका देतो तो रॉड पिऊन टाकतो, म्हणून दोर तुटत नाही. मागे झाडी असेल तेव्हा पाण्यावरूनच गोल उलटवायची रोल फेक याने फार सुरेख होते. तुकड्यांवर जुळवणीचे ठिपके आहेत, रीळ बसते तिथे लाकूड आहे, आणि नळीसोबत येतो. उणे काय? ४५ फुटांपलीकडे तो दमतो. दुपारी खोऱ्यात वारा चढला की समोरच्या वाऱ्यात लाइन ढेपाळते. मणी लावलेल्या जड निम्फ (पाण्याखाली चालणाऱ्या फ्लाय) आणि वर मासा लागल्याची खूण देणारा तरंगता दर्शक अशी जोडी याला आवडत नाही, वेटोळे उघडे पडते आणि सगळे डोक्यावर येते. कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लाय आणि छोटे पाणी हेच ज्याचे चित्र आहे त्याने हाच घ्यावा.

ऑर्व्हिस क्लिअरवॉटर (नऊ फूट, पाच नंबर). ऑर्व्हिस ही व्हरमाँटमधली १८५६ सालची कंपनी. तिचे महागडे रॉड तिथेच बनतात, क्लिअरवॉटर मात्र परदेशात बनवून घेतला जातो, आणि म्हणूनच तो अडीचशे डॉलरच्या आसपास बसतो. वाक मध्यम-जलद. रेडिंग्टनपेक्षा ताठ, पण महागड्या जलद रॉडांइतका कठोर नाही. त्याचा खरा गुण म्हणजे तो सरळ चालतो. फेकताना टोक डावी-उजवीकडे थरथरत नाही, लाइन जिथे रोखली तिथे जाते. २५ फुटांवर जरा मुका वाटतो, अर्ध्या नंबराने जड लाइन लावली की बोलायला लागतो. ३५ ते ५५ फुटांत तो उत्तम. निम्फ, कोरडी फ्लाय, छोटा स्ट्रीमर (लहान माशासारखी दिसणारी फ्लाय), सगळे ओढतो, म्हणून एकच रॉड ठेवणाऱ्यासाठी हा जास्त दिवस पुरतो. याला २५ वर्षांची हमी आहे. म्हणजे तुमच्या हातून मोडला तरी ठरावीक शुल्क भरून दुरुस्त करून किंवा बदलून मिळतो. अमेरिकेत राहणाऱ्यासाठी ही मोठी सोय. पुण्यात राहणाऱ्याने मात्र हिशेब करावा: तुकडा तिकडे पाठवणे, शुल्क, परत येण्याचा खर्च आणि कस्टम. पुतण्या किंवा भाची तिकडे असेल तर बिल आणि नोंदणी त्यांच्या नावावर ठेवून तुकडा त्यांच्या बॅगेतून पाठवणे हाच परवडणारा मार्ग.

एको बेस. फेकीच्या स्पर्धा गाजवलेल्या टिम रॅजेफ यांची ही कंपनी. बेस हा त्यांच्या स्वस्त रॉडांपैकी, वाक मध्यम-जलद. मुठीचा बूच साधा, भोके भुशाने भरलेली, दिसायला काही खास नाही. पण ब्लँक, म्हणजे ज्या कार्बनच्या नळीतून रॉड घडतो ती, किमतीच्या मानाने चांगली. नाव आणि रंगापेक्षा फेक महत्त्वाची असेल आणि बजेट ताणलेले असेल तर बेस घ्या, वाचलेले पैसे लाइनला लावा.

आमची पसंती सरळ सांगायची तर: बहुतेकांसाठी क्लिअरवॉटर, फक्त ओढे आणि कोरड्या फ्लायसाठी क्लासिक ट्राउट. सहा-सातशे डॉलरचे रॉड पहिल्या वर्षी घेणे व्यर्थ आहे. ते वाईट असतात म्हणून नाही. त्यांतला फरक कळायला हात आधी घडावा लागतो. मॉडेलांची नावे दर काही वर्षांनी बदलतात, तेव्हा घेताना नावापेक्षा वाकाचे वर्णन वाचा.

तयार संच, आणि लाइनची गोष्ट

रॉड, रीळ, लाइन, बॅकिंग (रिळावर लाइनच्या मागे गुंडाळलेला जादा दोर), लीडर असे सगळे जोडून येणारे संच नवशिक्याला सोयीचे पडतात. ऑर्व्हिस एन्काउंटर आणि रेडिंग्टन क्रॉसवॉटर हे त्यातले ठीक. क्रॉसवॉटरसोबत रिओची मेनस्ट्रीम लाइन येते, ती या किमतीत प्रामाणिक आहे. गाठी कारखान्यात बांधून आलेल्या असतात, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मैदानात जाता येते. पण ऑनलाइन बाजारात अनोळखी नावाचे ‘फ्लाय कॉम्बो’ अगदी स्वस्तात दिसतात, त्यांच्यापासून लांब राहावे. रॉडवर ‘५/६’ लिहिलेले, सोबत प्लास्टिकचे रीळ, डबीभर फ्लाय, आणि लाइन अशी की रिळावरून काढली की जुन्या लँडलाइन फोनच्या वायरीसारखी वेटोळी घेऊन पडते. त्या लाइनने जाणत्यालाही फेक जमणार नाही, मग शिकणारा स्वतःलाच दोष देतो.

लाइन हीच खरी खरेदी. तिचे नाव असे वाचायचे: डब्ल्यूएफ-५-एफ, म्हणजे वजन पुढे असलेली, पाच नंबरची, तरंगणारी. पहिली लाइन हीच. एकूण लांबी ९० ते १०० फूट, पुढचा जाड भाग साधारण ३० ते ४५ फुटांचा, मागे बारीक धावती लाइन. दोन्ही टोके निमुळती असलेली डीटी लाइन रोल फेकीला छान आणि एक टोक झिजले की उलटून वापरता येते, पण लांब जात नाही. बुडणारी लाइन आत्ता नको. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. मासा नऊ फुटांच्या पारदर्शक लीडरपलीकडे असतो, त्याला लाइनचे काही पडलेले नसते. तुम्हाला मात्र हवेत वेटोळे दिसल्याशिवाय चूक कळणार नाही. रॉडला दीडशे डॉलर आणि लाइनला ऐंशी ही वाटणी, रॉडला दोनशे आणि लाइनला तीस या वाटणीपेक्षा केव्हाही चांगली.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक खास मुद्दा. ट्राउटची लाइन थंड पाण्यासाठी मऊ गाभ्यावर बनवलेली असते. तीच कोकणातल्या किंवा घाटमाथ्याच्या एप्रिलच्या उन्हात वापरली की ती लिबलिबीत होते, रॉडवरच्या ज्या कड्यांतून ती जाते त्यांना चिकटते, आणि धावायची थांबते. उष्ण हवेची लाइन कडक गाभ्याची असते, ती हिमालयातल्या थंडगार पाण्यात नेली तर वेटोळी सोडत नाही. दोन्हीकडे जायचे असेल तर लाइनी दोन लागतात, रॉड एकच चालतो. आणि डास पळवणाऱ्या काही क्रीममध्ये व फवाऱ्यांत डीट असते, ते लाइनवरचे प्लास्टिक विरघळवते. क्रीम हाताच्या मागच्या बाजूने लावा, तळवे धुऊन मगच लाइन धरा. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाचे दोन थेंब घालून लाइन फडक्यातून ओढून घेतली की ती पुन्हा तरंगते. अनेक लाइनी ‘बुडायला लागली’ म्हणून टाकून दिल्या जातात, त्यांना फक्त मळ चढलेला असतो.

पुढे लीडर: नऊ फुटी, निमुळता, ५ एक्स. एक्सचा आकडा अकरातून वजा केला की टोकाची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५ एक्स म्हणजे ६ हजारांश, सुमारे ०.१५ मिलिमीटर. ४ एक्स त्याहून जाड. आकडा वाढला की दोर बारीक, हे उलटे गणित एकदा डोक्यात बसवा. फ्लायच्या मापाचेही तसेच, आकडा वाढला की फ्लाय लहान. १२ ते १६ मापाच्या फ्लायला ५ एक्स, त्याहून मोठ्या किंवा जड फ्लायला ४ एक्स. टोक तोकडे होत गेले की दीड-दोन फूट टिपेट सर्जन गाठीने जोडायचे. गाठ आवळण्याआधी थुंकी किंवा पाण्याने ओली करावी, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमकुवत होते.

रिळाबद्दल थोडक्यात. पाच नंबरच्या ट्राउट कामात रीळ लाइन साठवते, बाकी फारसे काही करत नाही. पाच नंबरची लाइन आणि खाली २० पौंडी बॅकिंग ५० ते १०० यार्ड मावले की पुरे. कडी-खटक्याचे असो की चकतीच्या ब्रेकचे, चालेल. ॲल्युमिनियमचे घ्या, प्लास्टिकचे नको, आणि गुंडाळायचा हात बदलता येतो का तेवढे पाहा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या हाताने गुंडाळले की मासा लागल्यावर हात बदलावे लागत नाहीत.

हातात घेऊन काय तपासावे

रॉड जोडून मुठीकडून टोकाकडे एका डोळ्याने पाहा, कड्या एका रेषेत हव्यात. मुठीजवळच्या एक-दोन मोठ्या कड्यांत सिरॅमिकचे वळे असते. त्यातून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर तिथे चीर आहे आणि ती चीर महिन्याभरात लाइन खरवडेल. टोकाच्या कडीतही तेच करा, वापरलेल्या रॉडमध्ये तिथेच खाच पडलेली असते. मग प्रत्येक सांधा. वरचा तुकडा खालच्यावर चढतो तिथे पूर्ण दाबल्यावरही थोडी फट उरायला हवी. फट संपून वरचा तुकडा थेट टेकला असेल तर सांधा झिजला आहे, तो सुटणारच. शेवटी रीळ बसवून कडे आवळा आणि रीळ हलवून पाहा. बुचातल्या भुशाच्या भरावाकडे दुर्लक्ष करा. तो निघतो, आणि निघाला तरी काही बिघडत नाही.

जोडताना टोकाकडून सुरुवात करायची. वरचे दोन तुकडे आधी, मग खालचे. कड्या पाव फेरा बाजूला ठेवून तुकडा चढवायचा आणि दाबता दाबता फिरवून रेषेत आणायचा. बहुतेक नवशिके मोडेल या भीतीने नीट दाबत नाहीत. खरे तर ढिला सांधाच मोडतो: फेकताना तुकडा थोडा वर सरकतो, सगळा ताण बाहेरच्या तुकड्याच्या पातळ काठावर येतो, आणि तो उभा चिरतो. दर अर्ध्या तासाने सांधे हाताने पाहून घ्यावेत. सांध्याच्या आतल्या भागावर मेणबत्तीचे मेण हलके घासले की पकड सुधारते. सांधा अडकलाच तर पक्कड लावू नका. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, हात सांध्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांना चिकटवून, आणि गुडघे बाहेर ढकला. ताकद सरळ रेषेत लागते, तुकडे पिळले जात नाहीत.

रॉड माशाने मोडण्याचे प्रकार फार थोडे. गाडीच्या दारात टोक सापडते. जोडलेला रॉड भिंतीला टेकवून ठेवला आणि तो घसरला. आणि आपल्या घरात पहिला शत्रू छताचा पंखा: नऊ फूट म्हणजे २.७४ मीटर, उभा धरलेला जोडलेला रॉड पात्यांपर्यंत सहज पोचतो. घरात रॉड जोडूच नये. पाण्यावर असताना दोन चुका महागात पडतात. मासा जवळ आला की रॉड उभा करून मागे झुकवणे ही पहिली, तेव्हा सगळा वाक टोकाच्या फूटभरात गोळा होतो आणि टोक तुटते. रॉड ४५ अंशांच्या आसपास ठेवा, हात लांब करा, लाइन सोडा. दुसरी चूक जड मणी लावलेली फ्लाय फेकताना ती रॉडवर आपटू देणे. कार्बनला तिथे डोळ्याला न दिसणारी जखम होते आणि दोन आठवड्यांनी तो किरकोळ ताणावर तुटतो, मग लोक म्हणतात माल खराब होता. झाडात अडकलेली फ्लाय रॉडने ओढू नये. लाइन हातात धरून सरळ रेषेत खेचावी, तुटली तर तुटू द्यावी.

एक गोष्ट गमतीत घेऊ नका: कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. नदीकाठच्या विजेच्या तारा खाली झुकलेल्या असतात, गावाजवळच्या पाण्यावर तर हमखास. फेकायला उभे राहण्यापूर्वी वर पाहा. ढग गडगडले की रॉड खाली ठेवून बाजूला व्हा.

पाच नंबर कुठे अपुरा पडतो

महाराष्ट्रात ट्राउट नाही, त्यामुळे पाच नंबरचा रॉड घेणारा पुणेकर-मुंबईकर एकतर हिमालयात जाणार असतो किंवा धरणाच्या कडेला चिलापीवर हात साफ करणार असतो. चिलापीला पाच नंबर अगदी योग्य. धरणांचे पाणी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नये. हिमाचलात ट्राउटला १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते आणि मत्स्य विभागाचा परवाना लागतो. बर्फ वितळून पाणी चढते तेव्हा आणि पावसाळ्यात गढूळ होते तेव्हा जाण्यात अर्थ नाही. काश्मीरमध्ये हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर, परवाना पाण्याच्या ठरावीक टप्प्यासाठी दिवसापुरता मिळतो.

महसीरसाठी मात्र पाच नंबर घेऊन जाऊ नका. हिमालयी नद्यांतला सोनेरी महसीर जोराच्या प्रवाहात धावतो, त्याला आठ नंबर, मजबूत ब्रेकचे रीळ आणि किमान दीडशे यार्ड बॅकिंग लागते. फ्लायही मोठी आणि जड असते, ती पाच नंबरच्या लाइनला उचलवतच नाही. बारीक रॉडवर मोठा मासा तासभर झुंजवला तर सोडल्यावरही तो मरतो, आणि सोनेरी महसीर धोक्यात आलेली जात आहे. आपल्या दख्खनच्या महसीरचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले, आज त्या नदीत तो कोणी शोधू नये. लोणावळ्यात वळवण धरणाशी टाटा पॉवरने अनेक दशके त्याची पिल्ले वाढवून सोडली आहेत. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांतला मासा पाहायचा आणि मुरमुरे टाकायचे, गळाचा तिथे संबंध नाही.

खाडीतला जिताडा किंवा गोव्यातला चोणक हाही आठ-नऊ नंबरचा मामला. त्यात खारे पाणी आले, म्हणजे रीळ पाणी न शिरणाऱ्या बंद ब्रेकचे हवे आणि दर फेरीनंतर सगळे गोड्या पाण्याने धुवायला हवे. ट्राउटचे स्वस्त रीळ खाडीत दोन फेऱ्यांत जाम होते. ज्याचा खरा बेत खाडीचाच आहे त्याने पाच नंबर घेऊन मग आठ घेण्यापेक्षा थेट आठ घ्यावा. शिकायला तो जड पडतो, खांदा भरून येतो, पण दोनदा खर्च होत नाही.

सरावाला नदी लागत नाही. शाळेचे किंवा सोसायटीचे गवताचे मैदान पुरते. सिमेंटवर करू नका, लाइनचे आवरण खरवडून निघते. गळ काढून टाका आणि लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा इंचभर तुकडा बांधा. ३० फूट लाइन, त्याहून जास्त नाही. हात हळू सुरू करायचा, वेग वाढवत न्यायचा आणि टाच मारल्यासारखा थांबवायचा. मागे लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे, मग पुढे. टोकाशी चाबकासारखा आवाज आला तर पुढे यायची घाई झाली, नदीवर त्याच क्षणी फ्लाय तुटून गेली असती. मागची लाइन गवताला लागली तर मनगट मोडले जाते आहे. रॉडचा खालचा भाग शर्टाच्या बाहीत खुपसून फेकले की मनगट आपोआप ताठ राहते. दहा मिनिटे करा, थांबा, पुन्हा दहा मिनिटे. तासभर सलग केले की दमलेला हात चुकीचीच सवय लावून घेतो.

पावसाळ्यात साठवणीचे बघा. ओला रॉड कापडी पिशवीत घालून नळी बंद केली की कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत मुठीच्या बुचाला बुरशी येते आणि कड्यांच्या दोऱ्यांवरचे वार्निश फुगते. घरी आल्यावर तुकडे पुसून रात्रभर उघडे ठेवावेत, पिशवी वेगळी वाळवावी, आणि नळीचे झाकण जून ते सप्टेंबर जरा सैल ठेवावे. बुरशी आलीच तर भांड्याच्या साबणाचा फेस आणि जुना टूथब्रश पुरतो, सँडपेपर लावू नका, बूच झिजून मूठ बारीक होते. लाइन हंगामानंतर रिळावरून काढून मोठ्या सैल वेटोळ्यांत खुंटीला टांगली की पुढच्या मार्चमध्ये ती सरळ निघते.